गुर्ना : माती टिकली, गाव बसलं नाही

1902 साली अस्वानजवळ नाईलवर पहिलं धरण उभं राहिलं. 1912 मध्ये त्याची उंची वाढवली, 1933 मध्ये पुन्हा वाढवली. दर वेळी पाणी आणखी मागे पसरलं आणि नुबियातली काठावरची गावं, खजुरीची झाडं, गाळाच्या सुपीक पट्ट्या त्याखाली गेल्या. इजिप्तच्या दक्षिण टोकाचे हे नुबियन लोक तीसेक वर्षांत तीनदा धरणग्रस्त झाले. सरकारची भरपाई तुटपुंजी होती आणि घरं बांधून देण्याचं कुणाच्या मनातही नव्हतं. कर्ते पुरुष बहुतेक कैरो-अलेक्झांड्रियात स्वयंपाकी, दरवान म्हणून कामाला गेलेले. मागे उरल्या बाया, म्हातारी माणसं आणि पोरं. तरीही हे लोक दर वेळी पाण्याच्या वर, खडकाळ उतारावर सरकले आणि त्यांनी गावंच्या गावं पुन्हा उभी केली.

अस्वानकडच्या नुबियात या घरांच्या भिंती मातीच्या असत आणि छतही मातीचंच. झाडं नाहीत त्या मुलखात तुळया आणि वासे आणायचे कुठून? म्हणून तिथले गवंडी कच्च्या विटांची कमानी छतं घालत. नुसती कमान नव्हे, अख्ख्या खोलीवर पालथ्या पन्हळीसारखं पसरलेलं छत, आणि तेही खालून लाकडाचा एकही टेकू न लावता. भिंती पांढऱ्या, आत प्रशस्त अंगण, दारावर रंगवलेली नक्षी. आर्किटेक्ट नव्हता, ठेकेदार नव्हता, टेंडर निघालं नव्हतं.

मातीच्या स्वस्त घरांचा विषय निघाला की जगभर नाव घेतलं जातं ते मात्र यातल्या कुठल्या गावाचं नाही. ते घेतलं जातं लक्सरसमोर, नाईलच्या पश्चिम तीरावर वसवायला घेतलेल्या नव्या गुर्ना गावाचं आणि ते उभारणाऱ्या हसन फथींचं. फथी मोठे होते यात शंका नाही. पण गुर्नाची हकीकत नुबियाला बाजूला ठेवून सांगितली, तर ती अर्धीच कळते.

फथींचा जन्म 1900 साली अलेक्झांड्रियात झाला. घरी जमीनजुमला होता, पण मुलं शहरातच वाढली. 1926 मध्ये कैरोत आर्किटेक्टची पदवी घेतली, तोवर त्यांनी घरची शेती डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. पुढच्या वर्षी ते पहिल्यांदा तिथे गेले आणि हादरून परतले. कुळांच्या झोपड्या बुटक्या, अंधाऱ्या, माणसं आणि जनावरं एकाच छपराखाली, पायाखाली घाण. आपल्या घरात आलेला पैसा याच लोकांच्या कष्टातून आला, ही बोच त्यांना जन्मभर पुरली.

त्यांच्या मनात एक साधा हिशेब सुरू झाला. नाईलकाठच्या शेतकऱ्याच्या पायाखाली माती आहे, ती फुकट आहे. चिखल तुडवायचा, त्यात भुसा घालायचा, साच्यातून वीट काढून उन्हात वाळवायची, हे त्याला फिरौनांच्या काळापासून येतं. म्हणजे भिंतीला पैसा लागत नाही. पैसा लागतो छताला. लाकूड परदेशातून येतं, सिमेंट आणि लोखंड कारखान्यातून. गरिबाला ते परवडत नाही, म्हणून तो मक्याची ताटं आणि उसाचं चिपाड भिंतींवर आडवं टाकतो. त्यातून उंदीर फिरतात आणि एका ठिणगीने घर पेटतं. छताचा प्रश्न मातीतच सुटला तर घराचा प्रश्न सुटला.

दुसऱ्या महायुद्धाने हा हिशेब कागदावरून जमिनीवर आणला. कैरोजवळ बहतीम इथे रॉयल अॅग्रिकल्चरल सोसायटीच्या शेतावर फथींना इमारती बांधायच्या होत्या आणि युद्धामुळे लाकूड-लोखंड मिळेनासं झालं होतं. भिंती मातीच्या आहेत, तर छतही विटांच्या कमानीचं करू, असं त्यांनी ठरवलं. पण कमान म्हटली की खाली सेंट्रिंग हवं, सेंट्रिंगला लाकूड हवं, आणि लाकूडच तर नव्हतं. विनासेंट्रिंगची कमान घालून पाहिली, ती कोसळली. पुन्हा घातली, पुन्हा कोसळली. अस्वान धरणाच्या कामावर असलेल्या थोरल्या भावाने तेव्हा सुचवलं की तिकडचे नुबियन लोक असलीच छतं घालतात आणि सेंट्रिंग वापरत नाहीत, जाऊन बघ.

फेब्रुवारी 1941 मध्ये फथी आपल्या विद्यार्थ्यांबरोबर अस्वानला गेले. पलीकडच्या काठावर घर्ब अस्वान हे गाव आहे. ते पाहताच, आपण जे शोधत होतो ते सापडलं, असं त्यांना वाटलं. एकेका घराला आपला तोंडवळा, छतं सगळी कमानी, आणि त्यात शहरातून आणलेलं काहीही नाही. परतीच्या वाटेवर ते लक्सरला थांबले. तिथे दुसऱ्या रामसेसच्या मंदिरामागे, म्हणजे रामेसियममध्ये, धान्याची कोठारं आहेत. त्यांची छतं याच पद्धतीने, मातीच्या विटांनी घातलेली, आणि वय सुमारे सव्वातीन हजार वर्षं. हे रामेसियम गुर्नाच्या वेशीवरच आहे. पुढे ज्या गावाने मातीच्या घुमटांना नाक मुरडलं, त्याच्या डोळ्यांसमोर ती कोठारं पिढ्यान्‌पिढ्या उभी होती.

फथींनी अस्वानहून गवंडी बोलावले. बहतीमला ते कामाला लागले तो प्रसंग त्यांनी फार बारकाईने लिहून ठेवला आहे, आणि तो तसाच सावकाश सांगायला हवा, कारण पुढची सगळी कथा या कसबावर उभी आहे.

गवंड्यांनी आधी वेगळ्या विटा पाडून घ्यायला सांगितल्या. 25 सेंटीमीटर लांब, 15 रुंद आणि जाडीला जेमतेम 5. नेहमीपेक्षा जास्त भुसा, म्हणजे वीट हलकी होते. ओली असतानाच तिच्या एका तोंडावर बोटांनी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन चर ओढलेले. हे चर गाऱ्याला धरतात.

खोली तीन मीटर रुंद. दोन बाजूंच्या भिंती अमुक उंचीपर्यंत आणलेल्या, आणि टोकाची भिंत त्यांच्यापेक्षा बरीच उंच चढवलेली. गवंड्यांनी बाजूच्या भिंतींवर दोन फळ्या टाकल्या, त्यावर उभे राहिले, मूठमूठ चिखल घेतला आणि टोकाच्या भिंतीवर हातानेच कमानीचा आकार थापला. मोजपट्टी नाही, दोरी नाही, कागद नाही. तरी तो आकार जवळजवळ अचूक पॅराबोला होता. मग वाकसाने चिखल तासून आकार नीट केला. आता दोघे दोन बाजूंना. पहिली वीट बाजूच्या भिंतीवर उभी ठेवून तिचं चरांचं तोंड टोकाच्या भिंतीवरच्या चिखलाला दाबून बसवली. तिच्या पायाशी चिखलाची पाचर मारली. खरी मेख या पाचरीत आहे. तिच्यामुळे पुढचा थर सरळ उभा न राहता मागे, टोकाच्या भिंतीकडे रेलतो. रेललेली वीट घसरत नाही, चिखलाला चिकटून राहते. त्यामागचा थर तिच्यावर रेलतो, त्यामागचा त्याच्यावर. सांध्यावर सांधा येऊ नये म्हणून मधल्या थराची सुरुवात अर्ध्या विटेने. वरच्या बाजूला विटांमध्ये जी फट उरते तिच्यात गारा न भरता खापराचे तुकडे ठोकायचे, कारण गारा वाळताना आकसतो आणि कमान ढिली पडते. असे थर वाढत गेले आणि दोन्ही बाजूंचे गवंडी माथ्यावर एकमेकांना येऊन भेटले. खालची खोली पूर्ण रिकामी होती. दीड दिवसात छत पडलं.

आर्किटेक्चरच्या शाळेत शिकलेल्या माणसाला जे दोनदा जमलं नव्हतं, ते निरक्षर माणसांनी एका वाकसावर करून दाखवलं. फथी त्यांच्यापुढे नम्र झाले आणि शेवटपर्यंत नम्र राहिले. गवंड्यांची नावं त्यांनी पुढे लिहिलेल्या आपल्या पुस्तकात कृतज्ञतेने घातली, हा त्यांचा मोठेपणा.

मध्यंतरी कैरोच्या दक्षिणेला माआदीजवळ एक छोटी वस्ती पुरात वाहून गेली. रेड क्रिसेंटच्या मदतीतून फथींनी तिथे नमुन्याचं मातीचं घर बांधलं. पण समितीने शेवटी पक्क्या बांधकामाची, महागडी घरं उभारली आणि त्यांच्या रांगेत शोभत नाही म्हणून नमुन्याचं घर पाडून टाकलं. पुढे काय वाढून ठेवलंय याची ती चुणूक होती.

आता जुनं गुर्ना. लक्सरसमोरच्या टेकडीवर प्राचीन इजिप्तच्या सरदार-दरबाऱ्यांची खडकात खोदलेली थडगी आहेत. या थडग्यांवर, त्यांच्या मधोमध आणि कित्येकदा थेट त्यांच्या तोंडाशी घरं बांधून लोक राहत होते. पाच वाड्या, सुमारे 7,000 माणसं, 900 कुटुंबं. काही उत्खननात मजुरी करत, काही प्रवाशांना वाट दाखवत, काही हुबेहूब जुन्या वाटणाऱ्या नकली मूर्ती घडवत, आणि काही खऱ्याच वस्तू काढून विकत. याच गुर्नाच्या अब्द अल-रसूल घराण्याला देर अल-बहरीजवळ फिरौनांच्या ममींचा लपवलेला साठा सापडला होता. त्यांनी तो वर्षानुवर्षं गुपचूप खाल्ला आणि 1881 मध्ये तो उघडकीला आला. त्या घटनेवर शादी अब्देल सलाम यांनी ‘अल-मुमिया’ हा देखणा चित्रपट काढला आहे.

एका नामांकित, सरकारी नोंद असलेल्या थडग्यातून अख्खं दगडी कोरीवकाम कापून पळवलं गेलं, तेव्हा पुराणवस्तू खातं खडबडून जागं झालं. गाव हलवायचं ठरलं. टेकडीवरची जमीन ताब्यात घेण्याचा हुकूम निघाला आणि खाली मैदानात, मेम्नॉनच्या पुतळ्यांच्या बाजूला, 50 एकर शेतजमीन घेतली गेली. खात्याचे प्रमुख एत्येन द्रियोतों आणि तिथलेच जीर्णोद्धारतज्ज्ञ स्टॉपलाएर यांना फथींची बहतीमची इमारत आवडली होती. 1945 मध्ये हे काम फथींकडे आलं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. गुर्नाच्या लोकांनी घरं मागितली नव्हती. त्यांना उठवायचं होतं, आणि नवं गाव हा त्या उठवण्याचा मोबदला होता. फथींना मात्र त्यात गरिबांच्या घराचं जन्मभराचं स्वप्न पुरं होताना दिसत होतं. एकाच कामाकडे खातं, आर्किटेक्ट आणि गावकरी अशा तीन डोळ्यांनी पाहत होते, आणि तिघांची कधीच समोरासमोर गाठ पडली नाही.

काम सुरू झालं ते मात्र डोळे दिपवणारं. अस्वानचे गवंडी आले, त्यांच्या हाताखाली गुर्नाची पोरं उमेदवारीला लागली. विटांसाठी माती खणली तिथे तळं करायचं ठरलं. माती, वाळू आणि भुसा कालवून दोनेक दिवस भिजत ठेवायचं, मग साच्यातून विटा पाडायच्या आणि उन्हात उलट्यापालट्या करत वाळवायच्या. खाण, विटा पाडायची जागा आणि बांधकाम एकाच आवारात.

फथींनी घरांचे ठोकळे आखले नाहीत. गावात भावकी हाच खरा घटक आहे, हे त्यांनी ओळखलं. तिकडे तिला बदाना म्हणतात, दहा-वीस कुटुंबांचा नातलग गट. प्रत्येक भावकीला आपला चौक दिला, चौकाभोवती घरं, आणि कुठलीही दोन घरं एकसारखी नाहीत. गल्ल्या मुद्दाम वळणाच्या ठेवल्या, म्हणजे परका माणूस आरपार जाऊ नये आणि सावली राहावी. प्रत्येक घरात मधे घुमटाखालची खोली, बाजूला कमानीखाली झोपायचा कोनाडा, मागे गोठा, वर कबुतरांची खुराडी. थंडीसाठी ऑस्ट्रियातल्या डोंगराळ घरांत असते तशी उबेची भट्टी त्यांनी मातीत करून पाहिली आणि गावातल्या एका म्हातारीला ती घडवायला शिकवलं. मुलांच्या शाळेवर वारा खेचणारा मनोरा बांधला. त्यात ओल्या कोळशाच्या चाळण्या लावल्या, त्यातून हवा गार होऊन वर्गात उतरे. मशीद, बाजार, नाटकगृह, कारागिरांसाठी खान (म्हणजे सराई), सगळं मातीचं. गुर्नाच्या मशिदीचा घुमट आणि त्यातून उतरणारा उजेड ज्यांनी पाहिला, त्यांना माती हे गरिबीचं लक्षण कधीच वाटणार नाही.

आणि तरीही हे गाव बसलं नाही.

फथींनी आपल्या पुस्तकात दोष बहुतेक खात्याच्या माथी मारला आहे, आणि त्यात तथ्य आहे. पैसा वेळेवर येत नसे, प्रत्येक खरेदीला कैरोची मंजुरी लागे. बांधकामाचा हंगाम हिवाळ्याचा आणि मंजुरी यायची उन्हाळ्यात. विटेत घालायचा भुसा शेजारच्या शेतातून घ्यायला हवा, त्याच्यासाठीही कागद फिरत. ठेकेदारांना हे काम डोळ्यांत सलत होतं, कारण त्यात सिमेंट नव्हतं, लोखंड नव्हतं आणि म्हणून नफाही नव्हता. 1947 मध्ये इजिप्तमध्ये कॉलऱ्याची साथ आली. एका वर्षी नाईलच्या पुराच्या दिवसांत कुणीतरी बांध फोडला आणि पाणी नव्या गावाच्या अंगावर आलं. बांध गुर्नाच्याच माणसांनी फोडला, असं फथींचं मत होतं. 1948 च्या सुमाराला काम थांबलं, तेव्हा ठरलेल्या गावाचा पाचवा हिस्सासुद्धा उभा राहिला नव्हता.

पण खातं आणि ठेकेदार यांच्यावर सगळं ढकललं, तर गुर्नाच्या माणसांवर अन्याय होतो. त्यांच्या बाजूने पाहिलं तर त्यांचं वागणं शहाणपणाचंच होतं. टेकडीवर त्यांची रोजीरोटी होती. प्रवासी तिथे येत, उत्खनन तिथे चाले, आणि चोरीचाच धंदा म्हटलं तर तोही तिथेच. मैदानात त्यांच्या वाट्याला शेतीही पुरेशी नव्हती. फथींना हे कळत होतं, म्हणून तर त्यांनी खान आणि बाजार आखला, विणकाम आणि इतर कारागिरी शिकवायचं ठरवलं. पण उद्या येणाऱ्या धंद्याच्या भरवशावर आजचा धंदा सोडायला कोण तयार होईल?

मग घुमट. नुबियन माणसाला कमानीखाली झोपणं स्वाभाविक होतं. गुर्नाच्या माणसाच्या लेखी घुमट असतो तो पीर-संतांच्या कबरीवर. थडग्यांवरून उठवून सरकार आपल्याला कबरीत राहायला पाठवतंय, असं त्यांना वाटलं तर नवल काय? फथींनी इजिप्तच्या परंपरेतलं म्हणून जे निवडलं ते या गावच्या परंपरेत नव्हतं. शिवाय खेड्यातल्या माणसाला हवं होतं ते शहरात दिसणारं सिमेंटचं घर. मातीतून बाहेर पडणं हाच त्याच्या डोळ्यांसमोरचा पुढचा पल्ला होता. आपण सुशिक्षितांनी मातीचं कौतुक करावं आणि गरिबाने त्यात राहावं, ही मागणी त्याच्या कानाला फारशी चांगली लागत नाही.

पाण्याचा प्रश्न घ्या. घराघरांत नळ द्यावा का, यावर फथींनी बराच विचार केला. पाण्याला जायच्या निमित्तानेच गावातल्या मुली घराबाहेर पडतात, तिथेच त्या कुणाच्या नजरेस येतात, लग्नं जुळतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. म्हणून नळाऐवजी चौकात सामायिक पाणी ठेवण्याकडे त्यांचा कल राहिला. निरीक्षण बरोबर असेल. पण डोक्यावर घागर घेऊन चालणाऱ्या बाईला त्यांनी विचारलं नाही. गावातल्या बायकांशी परपुरुषाने बोलायची सोय नव्हती आणि पुरुष मोकळेपणाने बोलत नव्हते, हे त्यांनी स्वतःच लिहिलं आहे. समाजशास्त्राचा जाणकार मदतीला मिळावा, असं त्यांना वाटत होतं. म्हणजे प्रश्न त्यांना दिसत होता, पण काम थांबवून उत्तराची वाट पाहणं त्यांना जमलं नाही. हे गाव वसवण्यातलं मला दिसणारं सर्वांत मोठं वैगुण्य आहे, आणि ते फथींइतक्या तळमळीच्या माणसाच्या हातून घडलं म्हणून जास्त टोचतं.

आता श्रमाचं. आपल्याकडे शेतात सावड चालते तशी पद्धत घरबांधणीत यावी, ही फथींची मूळ कल्पना. एकटं कुटुंब आपलं घर बांधू शकत नाही, पण पाच-दहा कुटुंबं एकमेकांच्या घरासाठी राबली तर सगळ्यांची घरं होतात. कुणी किती दिवस राबला याची वही ठेवायची आणि श्रमाचं कर्ज श्रमानेच फेडायचं. मालक, गवंडी आणि आर्किटेक्ट यांनी प्रत्येक घराबद्दल एकत्र बसून ठरवायचं. गुर्नात यातलं फार थोडं झालं. गावकरी आले ते मस्टरवर अंगठा देऊन रोजंदारीवर. स्वतःचं घर बांधायला आलेला माणूस आणि सरकारी कामावर आलेला बिगारी यांच्यात जो फरक असतो, तो पडलाच. घर कुणाला मिळणार हे बांधणाऱ्याला माहीत नव्हतं, आणि ज्याला मिळणार होतं त्याला ते नको होतं. नुबियात 1933 नंतर जी सावड न सांगता घडली, ती इथे आखूनही घडली नाही.

फथी निराश होऊन पुढे काही वर्षं देशाबाहेर, अथेन्समध्ये नगररचनाकार डॉक्सियाडिस यांच्या संस्थेत गेले. परत आल्यावर 1967 मध्ये खर्गा मरूद्यानात ‘नवं बारीस’ हे गाव बांधायला घेतलं, तेही युद्धामुळे अर्धवट राहिलं. गुर्नाची हकीकत त्यांनी लिहून काढली. 1969 मध्ये ती कैरोत मोजक्या प्रतींत निघाली आणि 1973 मध्ये शिकागोहून ‘आर्किटेक्चर फॉर द पुअर’ या नावाने जगापुढे आली. जे गाव कधी भरलं नाही, त्याच्यावरचं हे पुस्तक अनेक देशांतल्या आर्किटेक्चरच्या शाळांत पोचलं. 1980 मध्ये त्यांना आगा खान पुरस्काराचा विशेष सन्मान मिळाला आणि त्याच वर्षी ‘राइट लाइव्हलीहूड’ पुरस्कारही. 1989 मध्ये ते गेले.

दरम्यान माती आणि गवंडी, दोघांवरही घाव पडला होता. 1960 च्या दशकात अस्वानचं उंच धरण बांधताना नुबिया जवळजवळ पूर्णच बुडाला. सुमारे 50,000 नुबियनांना 1963-64 मध्ये उत्तरेला कोम ओम्बोजवळ हलवलं गेलं आणि या वेळी सरकारने त्यांना घरं बांधून दिली. सपाट छताची, एकाला एक चिकटलेली, रांगेत मोजून ठेवलेली. ज्या लोकांनी जगाला विनासेंट्रिंगची कमान दाखवली, त्यांच्याच माथ्यावर काँक्रीटचा स्लॅब आला. दुसरीकडे, धरणात अडकल्यामुळे नाईलचा गाळ खाली येणं बंद झालं. शेताची वरची माती पुन्हा भरून निघेना, म्हणून 1983 च्या कायद्याने ती विटांसाठी काढायला बंदी आली. फुकटची माती हा फथींच्या हिशेबाचा पाया होता. तो पायाच सरकला.

नव्या गुर्नात पुढे हळूहळू लोक राहायला आले, कुटुंबं वाढली, जागा अपुरी पडू लागली. भूजल वर आलं, भिंतींना लोणा लागला. कित्येकांनी मातीची घरं पाडून सिमेंटचे मजले चढवले. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, कारण मातीच्या घराला दर वर्षी गिलावा लागतो आणि तो घालणारा गवंडी आता गावात राहिला नव्हता. मशीद मात्र वापरात राहिली. युनेस्कोच्या पुढाकाराने अलीकडे काही सार्वजनिक इमारतींची डागडुजीही झाली. आणि टेकडीवरचं जुनं गुर्ना? 2006 च्या अखेरीस तिथे बुलडोझर पोचले. पुढच्या काही वर्षांत बहुतेक घरं जमीनदोस्त झाली आणि माणसं उत्तरेकडच्या, आणखी एका नव्या सरकारी वसाहतीत गेली. द्रियोतोंच्या खात्याला जे साधलं नव्हतं, ते साठ वर्षांनी झालं.

नुबियन गवंड्यांची कमान मात्र इजिप्तबाहेर निघाली. 1980-81 मध्ये फथी स्वतः गवंड्यांना घेऊन अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या अबिकिउ इथे गेले आणि तिथे मशीद बांधली. ती देखणी आहे, पण गरिबांच्या घराशी तिचा संबंध नाही. खरा संबंध जुळला पश्चिम आफ्रिकेत. बुर्किना फासोत जंगल संपत चाललं, तसं मातीच्या सपाट छतांसाठी लाकूड मिळेना. लोक पत्रे टाकू लागले. पत्र्याला रोकड पैसा लागतो आणि उन्हाळ्यात त्याखाली बसवत नाही. 2000 साली तोमा ग्रानिए हा फ्रेंच गवंडी आणि सेरी युलू हा तिथला शेतकरी या दोघांनी ‘ला वूट नुबिएन’ ही संस्था काढली. नुबियन छत त्यांनी थोडं सोपं केलं. खोलीची रुंदी सव्वातीन मीटर ठरवून टाकली आणि कमानीचा आकार हातावर न सोडता खोलीभर ताणलेल्या तारेवरून धरायचा, म्हणजे नवशिकाही चुकत नाही.

तिथली रीत पाहण्यासारखी आहे. बांधकाम सुगी संपल्यावर, कोरड्या महिन्यांत. घर हवं असलेलं कुटुंब स्वतः माती खणतं, विटा पाडतं, पाणी वाहतं, भाऊबंद आणि शेजारी हाताखाली राबतात, आणि रोख पैसा जातो तो फक्त गवंड्याच्या मजुरीत. गवंडी बाहेरचा नाही. पाऊस पडला की तोही शेतावर जातो. त्याच्या हाताखाली काम केलेला पोरगा पुढच्या वर्षी स्वतः छत घालतो. किती खोल्या, कुठे दार, पुढे कधी वाढवायचं, हे घरधनी ठरवतो, कारण पैसा आणि घाम दोन्ही त्याचेच. सरकारला तिथे कुणाला उठवायचं नाही, आणि कुणाला घर फुकटही मिळत नाही. अशी हजारो छतं आजवर पडली आहेत, त्यांच्याखाली लोक राहतात.

गरिबांसाठी मातीची घरं बांधायची योजना ज्यांच्या मनात असेल, त्यांनी फथींचं पुस्तक जरूर वाचावं. पण नकाशा काढायला बसण्याआधी त्या घरात कोण राहणार हे ठरलेलं असू द्या, आणि पहिल्या विटेला त्या माणसाचा हात लागलेला असू द्या.